नात्याचा रकाना

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणाला चार शब्द लागले तर वाईट वाटून घेऊ नये. गाड्यांची सीट कव्हरं शिवून मी पोट भरते. रेक्झिनचे जाड तुकडे मशीनखाली रेटायचे, फोम बसवायचा, वर गिऱ्हाइकाची बडबड ऐकून घ्यायची. या धंद्यात गोड बोलून कुणी टिकत नाही. दुकानात मी आणि मास्टर, दोघंच. मास्टर म्हणजे आमचे कापणारे, वयाने माझ्या वडिलांसारखे. दिवसभरात चार वाक्यं बोलले तर त्या दिवशी त्यांना बरं नाही असं समजावं.

ठकी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण बाळंतपणात गेली. बाप त्याच्या आधीच पसार झाला होता; जन्मदाखल्यावर त्याच्या जागी नुसती रेघ आहे. दवाखान्यातून ते गाठोडं माझ्या हातात आलं आणि मी ते सरळ दुकानात आणलं, कारण एका गिऱ्हाइकाची गाडी संध्याकाळपर्यंत द्यायची होती. कापडाच्या चिंध्यांवर तिला निजवलं. चिंध्यांच्या बाहुलीसारखी दिसत होती, म्हणून ठकी. शाळेत घातलं तेव्हा चांगलंसं नाव लावलं, पण ते घरात कुणी वापरत नाही.

माझं लग्न झालं नाही. ठकीसकट मला करून घेणारा कुणी मिळाला नाही आणि ठकीला सोडून जायला मी तयार नव्हते. एकदोघं बघून गेले. एक तर म्हणाला, मुलीला एखाद्या संस्थेत ठेवू, सुट्टीत भेटायला जात जाऊ. त्याचा चहा अर्धाच झाला होता. मी कप उचलला आणि त्याला जिना दाखवला.

ठकी बोलायला लागली तेव्हा मला आई म्हणाली. मी शिकवलं नव्हतं, शेजारच्या पोरांचं ऐकून म्हणाली असेल. मास्टर म्हणाले, मावशी म्हणायला शिकवा, पुढे जड जाईल. मी म्हटलं, एरवी तोंडातून शब्द फुटत नाही, आजच कुठून सुचलं तुम्हाला? खरं सांगते, त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की एका सीटची अख्खी बाजू मी उलटी शिवून ठेवली आणि रात्री उसवत बसले.

तिच्यापासून काही लपवलेलं नव्हतं. कळत्या वयात समोर बसवून सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं, 'बरं' म्हणाली, आणि मग, आई, मला भूक लागलीय, असं म्हणून स्वयंपाकघरात गेली. झालं, विषय संपला. शाळेत पालक म्हणून माझी सही चालली, कॉलेजात चालली. आई म्हणजे मी, आणि जी गेली ती 'तुझी बहीण'. ठकी तिच्याबद्दल विचारायची तेव्हा असंच विचारायची, तुझ्या बहिणीला गाता यायचं का गं? आमच्या घरात नात्यांची व्यवस्था अशी होती आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

पोरगी हुशार निघाली. माझ्यावर गेली म्हणाले असते, पण मी गणितात दोनदा गटांगळ्या खाल्ल्या आहेत. तिला पूल बांधायचे होते. लहानपणापासून पुलावरून जाताना ती वर बघायची नाही, खाली वाकून खांब बघायची, आणि मी तिची वेणी धरून तिला मागे ओढायची. परदेशातल्या विद्यापीठात पुलांच्याच शिक्षणाला तिला प्रवेश मिळाला. अर्धी फी माफ. उरलेली फी आणि राहण्याखाण्याचा खर्च कोण करणार, हे तेवढं दाखवायचं होतं.

हे दाखवून देण्याचा धंदा करणारा एक माणूस आम्हाला मिळाला. कन्सल्टंट. भर उन्हाळ्यात टाय लावून बसायचा, म्हणून आम्ही त्याला टायवाला म्हणायचो, अर्थात मागे. त्याने समजावलं की पैसे नुसते असून भागत नाही. ते खात्यात काही महिने मुरलेले असले पाहिजेत. कुठून आले ते दाखवलं पाहिजे. आणि ज्याचे आहेत तो माणूस ते या मुलीला का देतोय, हेही व्हिसा देणाऱ्या वकिलातीला पटलं पाहिजे.

का देतोय म्हणजे? माझ्या पोरीला मी का देते हे मी त्यांना समजावून सांगू? माझा आवाज चढला तसा टायवाला हसला आणि म्हणाला, ताई, त्यांच्या दृष्टीने तुम्ही एक बँक खातं आहात. त्याला दोन शब्द सुनवणार होते, पण ठकीने टेबलाखालून माझा हात दाबला.

दुकानाला लागून मी एक गाळा घेऊन ठेवला होता, म्हातारपणाची सोय म्हणून. तो विकला. मास्टरांनीच गिऱ्हाईक आणलं आणि त्या दिवशी ते एकही वाक्य बोलले नाहीत. पैसे बँकेत गेले, मुरायला लागले. गाळ्याचं मला काही वाटलं नाही. लोक विचारतात म्हणून सांगते.

मग खर्च उचलणाऱ्याचा अर्ज आला. नाव, पत्ता, धंदा, उत्पन्न, एकेक रकाना मी भरत गेले. इंग्रजी अक्षरं मला येतात, फक्त हळू. एका रकान्यात विचारलं होतं, विद्यार्थिनीशी नातं. मी लिहिलं, आई.

हात अडखळला नाही. खोटंच लिहायचं असतं तर चार वेळा विचार केला असता, कुणाला तरी विचारलं असतं. ठकी शेजारी बसून प्रत्येक अक्षर बघत होती, तिलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. टायवाल्याने पानं उलटली, सह्यांच्या जागी रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या, शाबास ताई म्हणाला. तीन डोकी होती तिथे. एकाच्याही ध्यानात आलं नाही की त्याच गठ्ठ्यात, खाली, तिचा जन्मदाखला आहे आणि त्यावर आई म्हणून माझ्या बहिणीचं नाव आहे.

अर्ज फेटाळला गेला. ठकीने तो कागद दुकानाच्या दारात उभ्याउभ्या वाचला आणि मला अर्थ सांगितला. अर्जदार आणि खर्च उचलणारी व्यक्ती यांच्यातलं नातं सिद्ध होत नाही, दिलेली माहिती परस्परविरोधी आहे. मी खूप बडबडले. वकिलातीला, टायवाल्याला, त्याच्या टायला, सगळ्यांना शिव्या घातल्या. ठकी घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली, जेवायलाही उठली नाही. तिच्या पाठीकडे बघत मी बसले होते आणि मला कळत होतं की तिच्या पायावर हा धोंडा मी माझ्या हाताने टाकलाय. आई म्हणवून घ्यायची एवढी हौस, आणि मुलीचं नुकसान कुणी केलं? आईनेच.

विद्यापीठ भलं. पुढच्या सत्रापर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाले. टायवाला मात्र घाबरला होता. दुधाने तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्याचं झालं. म्हणाला, आता दुसऱ्यांदा ते भिंग लावून बघणार. या वेळी प्रत्यक्ष मुलाखत घेतील. कागदावर एक आणि तोंडात दुसरं असं एकदा जरी सापडलं तरी खोटी माहिती दिली असा शिक्का बसेल, मग कुठल्याच देशाचं दार उघडणार नाही. मी खरं काय ते लिहीन म्हटलं. तो म्हणाला, तेच तर ताई, खरं काय ते तोंडात बसू द्या.

आधी बहिणीचा मृत्यूचा दाखला काढला. इतकी वर्षं कुणाला त्याची गरज पडली नव्हती. ठकीने तो हातात घेतला, बहिणीच्या नावावरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं की तिचा आवाज तुझ्यासारखा होता का. मी म्हटलं, नाही, गोड होता. मग ठकीने तिचा फोटो मागितला. माझ्याकडे एकच होता, तो तिने वहीत घालून ठेवला. मला माझ्या मेलेल्या बहिणीचा हेवा वाटला. पोटच्या पोरीकडे एक नजर बघायलाही न मिळालेल्या बहिणीचा. काय म्हणावं अशा बाईला? पण वाटला, तर वाटला.

मग प्रतिज्ञापत्र. नोटरीचं ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात टाइप करणारा माणूस. टायवाल्याने मजकूर आणलाच होता. नोटरी म्हणाले, शपथेवरचा कागद आहे, मोठ्याने वाचून मग सही करा. ठकी बाजूला उभी होती. मी वाचलं.

"मी सदर मुलीची आई नाही. मी तिच्या मयत आईची थोरली बहीण असून नात्याने तिची मावशी आहे. तिचा सांभाळ मी स्वखुशीने केला आहे."

'स्वखुशीने' इथे माझा आवाज फुटला. नोटरींना वाटलं चष्म्याची अडचण आहे, त्यांनी त्यांचा चष्मा पुढे केला. मी तो न घेता सही केली. बाहेर आल्यावर ठकीने माझ्या कमरेला मिठी मारली, भर रस्त्यात, आणि म्हणाली की कागद आहे गं नुसता, कागदाला काय कळतंय.

खरी अडचण पुढेच होती. टायवाल्याने मुलाखतीची तालीम घेतली. खर्च कोण करणार, त्याने साहेबासारखं विचारलं. ठकी म्हणाली, माझी आई, आणि जीभ चावली. पुन्हा विचारलं. पुन्हा आई. तिसऱ्यांदा 'आ' म्हणून थांबली आणि ततपप करत मावशीवर आली. टायवाल्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, पोरगी हुशार आहे, पण हे डोक्याचं काम नाही, जिभेचं आहे. घरात सवय करा. मुलाखतीपर्यंत घरात आई हा शब्द बंद.

पडत्या फळाची आज्ञा. मी कामाला लागले. माझ्या धंद्यात एखादी शिलाई हाताला लावून घ्यायची तर एकच उपाय असतो, डोळे मिटूनही तीच पडेल इतकी मारायची. मी ठकीला सांगितलं, आजपासून आई म्हणालीस तर मी ओ देणार नाही. जीव गेला तरी देणार नाही.

पहिल्याच सकाळी बाई न्हाणीघरातून ओरडायला लागल्या, आई, टॉवेल दे. मी गप्प. आई, टॉवेल. मी कणीक मळत राहिले. शेवटी ती ओलेत्याने गाउन गुंडाळून बाहेर आली, पाणी गाळत माझ्यासमोर उभी राहिली आणि दात कडकडवत म्हणाली, अहो मावशीबाई, टॉवेल मिळेल का? आम्ही दोघी हसून लोळायच्या बाकी होतो.

पलंगाच्या पायाला तिचं बोट आपटलं आणि ती 'आई गं' म्हणून कळवळली. मी म्हटलं, चूक. मावशी गं म्हण. ती एका पायावर उड्या मारत 'मावशी गं, मावशी गं' करत घरभर फिरली. शेजारीण दार उघडून विचारायला आली, काय झालं, मावशी आल्यात का तुमच्या? पहिले काही दिवस असे खेळीमेळीत गेले. मला वाटलं, बरं आहे, गंमतच आहे.

पण शब्द निघता निघेना. झोपेत असली, घाईत असली, की आईच यायचं. मग मी कडक झाले. एकदा तिला ताप भरला होता आणि तिने पाणी मागितलं, आई, पाणी दे ना. मी जागची हलले नाही. भांडं हातात होतं माझ्या. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तोंड फिरवलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, मावशी, पाणी. मी पाणी दिलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि त्यानंतर ती एकदाही चुकली नाही. मास्टर दुकानात म्हणाले, माय मरो मावशी जगो म्हणतात, वाईट काय त्यात. त्यांना धीर द्यायचा होता. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही.

मुलाखतीहून ती परत आली ती सगळं नाट्य करून सांगत. काचेपलीकडे एक बाई होत्या. पैशाचं विचारलं, गाळ्याचं विचारलं, मग जन्मदाखला आणि प्रतिज्ञापत्र शेजारी शेजारी ठेवून बघत बसल्या. लहानाचं मोठं तुला कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. ठकी म्हणाली, मावशीने. त्या म्हणाल्या, पहिल्या अर्जात तिने आई लिहिलं होतं. घरात तू तिला काय हाक मारतेस?

मावशी म्हणते, असं ठकीने सांगितलं. बाईंनी शिक्का मारला.

हे सांगताना तिचे डोळे चमकत होते. मीही टाळ्या वाजवल्या, मिठाई आणायला मास्टरांना पिटाळलं. मनात मात्र मी वाट बघत होते. मी ठरवूनच ठेवलं होतं ना, की ज्या क्षणी काम होईल त्या क्षणी पोरगी गळ्यात पडून पहिल्यांदा आई म्हणून हाक मारेल, आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं मी एकदम ओ देऊन टाकीन. ती गळ्यात पडली. म्हणाली, "मावशी, झालं गं आपलं काम."

मी तो दिवस जाऊ दिला. दुसरा जाऊ दिला. मला मागून घ्यायची सवय नाही, आणि हे काय मागायची गोष्ट आहे? तरी एकदा तिच्या बॅगेत कपडे भरता भरता मी सहज बोलल्यासारखं म्हटलं की आता काय तो टायवाला ऐकत नाहीये. ती लगेच समजली. हातातलं स्वेटर खाली ठेवून माझ्याजवळ बसली. म्हणाली, तिथे उतरल्यावर पुन्हा विचारतात. विद्यापीठात विचारतात. दर वर्षी व्हिसा वाढवायचा, दर वर्षी पैशाचा पुरावा द्यायचा, दर वर्षी हेच कागद पुन्हा निघणार. एकदा जीभ मोकळी सोडली तर मला पुन्हा आवरता येणार नाही. शिक्षण संपेपर्यंत असंच राहू दे ना.

मी म्हटलं, शहाणी आहेस. खरंच शहाणी होती, बोलणं चुकीचं नव्हतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडले. एवढी घासूनपुसून लावलेली सवय माझ्याच हातची होती, दोष द्यायचा तर कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

विमानतळावर काचेच्या दारापाशी ती वाकून माझ्या कानात बोलली, येते मावशी. आजूबाजूला पोलीस होते, रांग होती. तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी बोटं पांढरी पडली. मला वाटलं, आत्ता म्हणेल, एकदा तरी म्हणेल, इतक्या गोंधळात कोण ऐकतंय. ती गेली.

तिचे फोन यायचे. बर्फ दाखवायची, तिथल्या पुलांचे फोटो पाठवायची. कधी मागे तिची मैत्रीण दिसायची, आपल्याच भाषेतली, तिच्याच खोलीत राहणारी. मला बघून हात हलवायची, नमस्कार मावशी म्हणायची. ठकी मावशी म्हणते म्हणून तीही मावशीच. दुकानात मास्टर विचारायचे, बरी आहे ना? मी म्हणायचे, मजेत आहे. वर्षाच्या शेवटी तिचा पहिला व्हिसा वाढवायची वेळ आली. बँकेचा नवा कागद, पुन्हा माझी सही, पुन्हा रकाना. मी लिहिलं, मावशी. या वेळी हात अडखळला, पण अक्षर नीट आलं.

तो कागद जाऊन थोडेच दिवस झाले होते. दुपारची वेळ, मी एका मोठ्या गाडीच्या मागच्या सीटच्या कडेला पायपिंगची गोट शिवत होते. ठकीच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडे ती मैत्रीण होती. आधी म्हणाली, घाबरू नका. रात्री ठकीच्या पोटात कळा आल्या, अपेंडिक्स निघालं, लगेच ऑपरेशन केलं, सगळं ठीक झालं, आता भूल उतरतेय. मास्टरांनी स्टूल पुढे सरकवलं. मी बसले.

मैत्रिणीला अजून काही बोलायचं होतं. चाचरत होती. म्हणाली, मावशी, भूल उतरताना ती सारखी आई आई करतेय. थांबतच नाहीये, रडतेय. इथल्या नर्स मला विचारतात की आई म्हणजे कोण. मी अर्थ सांगितला. आता त्या म्हणतात, मग आईला फोन लावून द्या, आणि त्यांना कागदावर जवळच्या नातेवाइकाचं नावही लिहायचंय. मी तिचा फोन पूर्ण शोधला. आई नावाने नंबरच नाही. फक्त मावशी आहे.

"मावशी, तिच्या आईचा नंबर देता का?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. अगदी ओठावर. आणि त्याच वेळी मला तो कागद दिसला, अजून कुठल्यातरी टेबलावर पडलेला, निकाल न लागलेला, माझ्या अक्षरातल्या मावशीसकट. नर्स लिहून घेतेय. विद्यापीठाला कळेल, विद्यापीठ त्यांना कळवेल. पोरीचे पूल. आणि मनात आणखी एक किडा होताच, खोटं कशाला बोलू: ती हाका मारतेय त्या मला कशावरून? वहीतल्या फोटोला कशावरून नाही?

मी म्हटलं, "तिची आई नाही बाळा. तिला जन्म देताना वारली. मी मावशी. माझंच नाव लिहायला सांग, मावशी म्हणून."

ती बिचारी सॉरी सॉरी म्हणायला लागली. तिने नर्सना सांगितलं, ते मला ऐकू आलं. त्यांचं काहीतरी बोलणं झालं. आणि त्या सगळ्याच्या मागून, लांबून, ठकीचा आवाज आला. आई. आई गं. टॉवेल मागायची तसा, पण थकलेला. मास्टरांनाही ऐकू गेला असावा, कारण ते कात्री ठेवून दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

मी मैत्रिणीला म्हटलं की फोन तिच्या कानाला लाव आणि तू जरा बाजूला हो. कानाला घासल्याचा आवाज आला, मग तिचा श्वास. मी फोन दोन्ही हातांनी धरला. किती महिने ते नियम पाळले होते, कुणासाठी पाळले होते, सगळं गेलं खड्ड्यात.

"ठके," मी म्हटलं, "मी आहे गं. आई बोलतेय."

ती रडायची थांबली. पलीकडे काहीतरी टिकटिक वाजत होतं. मला वाटलं झोप लागली. मग तिचा आवाज आला, जड, घाबरलेला, माझ्याशी कुजबुजत असल्यासारखा.

"असं नको ना म्हणूस, मावशी. त्या लिहून घेतायत."

गाडीचं गिऱ्हाईक दारात येऊन उभं होतं, किती वेळ लागेल विचारत होतं. मी त्याला हातानेच थांबवलं.

"बरं राणी," मी म्हटलं. "चुकलं माझं. मावशी बोलतेय."